ऑटो डेबिट चालू, वर हातानेही भरलं, तरी कार्डावर चार्ज लागतोच: नेमकं कुठे अडतं

एकाच क्रेडिट कार्डावर लागोपाठ तीन महिने माझा घोळ झाला आणि तिन्ही वेळा मला वाटलं की चूक कार्डवाल्यांचीच आहे. पहिल्या महिन्यात ऑटो डेबिट, म्हणजे बँक खात्यातून बिल आपोआप कापलं जाण्याची सोय, चालू असताना मी ड्यू डेटच्या (बिल भरायच्या शेवटच्या तारखेच्या) दोन दिवस आधी हाताने पूर्ण बिल भरलं, खात्यात पैसे होते आणि एकदाचं संपवून टाकू म्हटलं, तर दोन दिवसांनी ऑटो डेबिटनेही तेवढेच पैसे उचलले. एकाच बिलाचे दोनदा गेले. दुसऱ्या महिन्याचं बिल त्या जास्तीच्या पैशातच वळतं झालं, म्हणून ऑटो डेबिट गेलंच नाही, आणि मी समजले की ते बंद पडलं, मग शहाणपणा करून जुनं मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) रद्द केलं आणि नवीन लावलं. तिसऱ्या महिन्यात नवीन मँडेट अजून चालूच झालं नव्हतं, मी मात्र निर्धास्त, ड्यू डेट निघून गेली, लेट फी लागली आणि वर व्याज. कस्टमर केअरवर जाम भांडले. नंतर तिन्ही स्टेटमेंट समोर ठेवून तारखा लावत बसले तेव्हा कळलं की सगळं त्यांच्या नियमानेच चाललं होतं, मधे मधे हात घालून वाट लावली होती ती मीच.

आपल्याला वाटतं की ड्यू डेटच्या सकाळी सिस्टीम आपलं कार्ड उघडून बघते, किती बाकी आहे ते मोजते आणि तेवढेच पैसे खात्यातून काढते. तसं नसतं. कार्ड कंपनी काही दिवस आधीच एक मागणी तयार करते, त्यात रक्कम लिहिलेली असते, आणि ती मागणी तुमच्या बँकेकडे जाते. बँकेला तुमच्या कार्डावर काय चाललंय ते दिसत नाही, तिला फक्त आकडा आणि तारीख माहीत. ब्रिटनमध्ये डायरेक्ट डेबिट (तिथलं ऑटो डेबिट) ज्या बॅक्स यंत्रणेतून जातं तिचा फेराच तीन कामाच्या दिवसांचा आहे, पहिल्या दिवशी मागणीची फाइल पाठवायची, दुसऱ्या दिवशी प्रोसेस, तिसऱ्या दिवशी खात्यातून पैसे वजा. मधे शनिवार-रविवार आला की तो वेगळा. म्हणजे पैसे सोमवारी गेलेले दिसले तरी त्यांचा आकडा उशिरात उशिरा गुरुवारीच पक्का झालेला असतो, आणि बऱ्याच कंपन्या तर त्याच्याही आधी, काही तर थेट स्टेटमेंटच्या दिवशीच, आकडा पक्का करून टाकतात.

फाइल गेली की तुम्ही हाताने कितीही भरा, ऑटो डेबिट ठरलेला आकडाच उचलणार.

उदाहरण घेऊ. स्टेटमेंट ५ तारखेला, बिल ४०,०००, ड्यू डेट २५, ऑटो डेबिट पूर्ण बिलाचं, आणि समजा फाइल २० तारखेला जाते. तुम्ही १२ तारखेला हाताने १५,००० भरले. आता दोन प्रकारची कार्डं असतात. पहिल्या प्रकारात फाइल बनताना हे १५,००० वजा होतात आणि २५ ला फक्त २५,००० जातात. दुसऱ्या प्रकारात स्टेटमेंटवर छापलेला आकडा हाच अंतिम, तुम्ही मधे काय भरलं याच्याशी देणंघेणं नाही, २५ ला ४०,००० जातात आणि १५,००० कार्डावर जमा दिसतात. तेच १५,००० तुम्ही २३ तारखेला भरले असते तर दोन्ही प्रकारात ४०,००० गेले असते. म्हणून ‘हाताने भरलं तर ऑटो डेबिट कमी होतं का’ या प्रश्नाला दोन मित्रांकडून दोन उलटी उत्तरं मिळतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

आपलं कार्ड कुठल्या प्रकारचं ते शोधायचा माझा उपाय एकदम साधा आहे. स्टेटमेंट आल्यावर दोन-तीन दिवसांत हाताने अगदी किरकोळ रक्कम भरायची, १०० वगैरे, आणि ऑटो डेबिट किती गेलं ते बघायचं. १०० ने कमी गेलं तर पहिला प्रकार. पूर्ण गेलं तर दुसरा, आणि तुमचे १०० पुढच्या बिलात वळते होतील, नुकसान काही नाही. कस्टमर केअरला विचारणार असाल तर ‘डबल पेमेंट होईल का’ असं मोघम विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही, काळजी करू नका’ असंच येतं. असं विचारा: स्टेटमेंटनंतर कितव्या दिवसापर्यंत भरलेले पैसे ऑटो डेबिटच्या रकमेतून वजा होतात? आणि शक्यतो चॅटवर किंवा ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लिखित राहतं. काही स्टेटमेंटवर बारीक अक्षरात ‘अमुक तारखेला किंवा त्यानंतर इतकी रक्कम आम्ही घेऊ’ अशी ओळ असते, ती आपण कोणीच वाचत नाही, मीही वाचत नव्हते.

हे कळलं की हाताने कधी भरायचं ते आपोआप ठरतं. लिमिट मोकळं करायला किंवा बिल हलकं करायला मधे भरायचंच असेल तर स्टेटमेंटच्या आधी भरा. ते पैसे स्टेटमेंट बनतानाच वजा होतात, बिलच कमी येतं, आणि ऑटो डेबिट कमी झालेलं बिल उचलतं, कुठल्याही प्रकारच्या कार्डावर. फक्त शेवटच्या रात्री नको, दोन-तीन दिवस हातात ठेवून, कारण पैसे कार्डावर नोंदले जायला वेळ लागू शकतो. ॲपमध्ये लिमिट लगेच वाढलेलं दिसतं म्हणून पेमेंट नोंदलं गेलं असं समजू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिमिट ते आपल्यावर विश्वास ठेवून आधीच मोकळं करतात, पेमेंटची तारीख मात्र पैसे खरंच पोचल्याची धरली जाऊ शकते.

पण स्टेटमेंटच्या आधी भरण्यात एक मोठा सापळा आहे, आणि त्यात जास्त करून ऑटो डेबिट न लावलेले किंवा माझ्यासारखं रद्द करून बसलेले लोक अडकतात. ३ तारखेला १०,००० भरले, ५ ला स्टेटमेंट आलं, त्यात बाकी ३०,००० आणि मिनिमम, म्हणजे लेट फी टाळायला निदान भरायचीच रक्कम, १,५००. माणूस म्हणतो की या महिन्यात मी दहा हजार भरलेत की, मिनिमम कसलं मागता. पण ते १०,००० मागच्या हिशोबात गेले. या स्टेटमेंटचं मिनिमम म्हणजे ५ ते २५ च्या मधे आलेले पैसे, त्याच्या आधीचे कितीही असोत, धरले जात नाहीत. कॅलेंडरचा महिना आणि कार्डाचा महिना वेगळा असतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि पैसे भरताना कोणालाच आठवत नाही.

आता डबल गेलेच असतील तर काय. आधी हे बघा की दोन्ही पेमेंट कार्डावर जमा झालीत का. झाली असतील तर तुमचे पैसे कुठे गेले नाहीत, कार्डाची बाकी उणे दिसत असेल किंवा आकड्यापुढे क्रेडिट लिहिलेलं असेल. घाई नसेल तर तसेच राहू द्या, पुढच्या खरेदीत संपतील. घाई असेल तर कार्ड कंपनीला सांगून परत मागा, मिळतात, थोडे दिवस लागतात. एटीएममधून मात्र काढू नका, कारण स्वतःचेच जमा पैसे असले तरी बऱ्याच कार्डांवर ती कॅश विड्रॉल धरून फी लावतात.

अजून एक चूक करू नका, बँकेत जाऊन ते ऑटो डेबिट उलटं फिरवू नका. ब्रिटनमध्ये डायरेक्ट डेबिट गॅरंटी आहे, चुकीचे पैसे गेले तर बँक लगेच परत देते. युरोपातल्या सेपा डायरेक्ट डेबिटला तर आठ आठवड्यांपर्यंत कारण न सांगता पैसे परत मागता येतात. ऐकायला झकास. पण तुमच्या डबल पेमेंटमध्ये ऑटो डेबिट चुकीचं नव्हतंच, आकडा मँडेटप्रमाणे आणि स्टेटमेंटप्रमाणेच होता, त्यामुळे गॅरंटीच्या नावाने पैसे आणले तरी कार्ड कंपनी ते परत मागू शकते. शिवाय कार्डाच्या बाजूला ती नोंद ‘पेमेंट परत गेलं’ अशी पडते, कधी कधी रिटर्नचा चार्जही लागतो, आणि काही कंपन्या तेवढ्यावर मँडेटच काढून टाकतात. पैसे परत मिळाले म्हणून देणं संपत नाही हे सेपाच्या बाबतीतही तितकंच खरं आहे.

पुढचा त्रास याच्या उलटा आहे. हाताने भरल्यामुळे खात्यात पैसे उरले नाहीत आणि मग ऑटो डेबिट आलं. हाताने २२ ला ४०,००० भरले, फाइल २० लाच गेलेली, २५ ला बँकेकडे ४०,००० ची मागणी आली आणि खात्यात आहेत ६,०००. बाउन्स. आता बिल तर पूर्ण भरलेलं आहे, तरी बँक आपला चार्ज लावणार, कारण तिच्यासाठी मागणी आली आणि पैसे नव्हते एवढंच खरं. कार्डाच्या बाजूनेही रिटर्न चार्ज लागू शकतो. इथे भांडायला जागा आहे, पण फक्त कार्डाच्या बाजूला. तिथे सांगायचं की ड्यू डेटच्या आधी पूर्ण पैसे आले होते, तारीख ही, नोंद क्रमांक हा, त्यामुळे लेट फीचा प्रश्नच येत नाही आणि रिटर्न चार्जही माफ करा. पहिल्या वेळेला बहुतेक ऐकतात. बँकेच्या बाउन्स चार्जवर मला आजवर यश आलेलं नाही, प्रयत्न करायला हरकत नाही.

ऑटो डेबिट मिनिममवर ठेवून बाकीचं हाताने भरणारेही बरेच असतात. पद्धत वाईट नाही, विसरलात तरी लेट फी लागत नाही. फक्त हाताने भरताना ‘मिनिमम जाणारच आहे’ म्हणून तेवढे कमी भरलेत आणि तुमच्या कार्डाचा नियम असा असला की आधीच मिनिममपेक्षा जास्त आलंय तर ऑटो डेबिट सोडून द्यायचं, तर ते जातच नाही, आणि मिनिममएवढी रक्कम बाकी राहते. मग व्याज. आणि हे व्याज फक्त राहिलेल्या रकमेवर लागेल असं समजत असाल तर थांबा.

बऱ्याच ठिकाणी पूर्ण बिल भरलं तरच व्याजमाफीची मुदत मिळते. थोडंसं जरी राहिलं तरी ती मुदत अख्खी जाते आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज धरलं जातं. बिल ४०,०००, तुम्ही भरले ३९,०००, राहिले १,०००. वर्षाला ३६ टक्के दर आणि खरेदीपासून पेमेंटपर्यंत सरासरी ३० दिवस धरले तर ४०,००० वर साधारण १,१८० व्याज होतं. राहिलेल्या रकमेपेक्षा व्याज जास्त! पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा मी कॅल्क्युलेटर परत परत दाबून बघितला होता. वर नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून मीटर चालू होतो, पुढचं बिल पूर्ण भरेपर्यंत. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यानंतर मुदतीत भरलेल्या भागावर असं व्याज लावता येत नाही, पण ते तिथलं. म्हणून हाताने भरताना गोल आकडा भरायची सवय सोडा. ३९,८६४ असेल तर ३९,८६४ च, किंवा वरचा गोल आकडा, खालचा कधीच नाही.

ठरलेली रक्कम हा जो ऑटो डेबिटचा तिसरा पर्याय काही ठिकाणी असतो तो मला तरी कोणासाठीच बरा वाटत नाही. खर्च वाढला की ती रक्कम मिनिममच्याही खाली जाऊ शकते, काही कार्डं अशा वेळी आपोआप मिनिमम घेतात, काही नाही घेत. घेत नसतील तर पैसे जाऊनही लेट फी लागते.

‘पूर्ण भरलं तरी पुढच्या महिन्यात व्याज आलं’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकायला मिळते आणि हिच्यात बहुतेक वेळा कोणाची चूक नसते. मागचे काही महिने तुम्ही बाकी पुढे ढकलत होता, या महिन्यात ठरवून पूर्ण बिल भरलं. पण स्टेटमेंट बनलं ५ ला, पैसे पोचले २५ ला, मधल्या वीस दिवसांचं व्याज त्या स्टेटमेंटमध्ये असणार कुठून, ते पुढच्यात येतं. रक्कम किरकोळ असते. धोका तिथेच आहे, कारण लोक ‘आता कार्ड शून्य झालं’ म्हणून ऑटो डेबिट काढून टाकतात, ॲपही उघडत नाहीत, आणि त्या किरकोळ व्याजाचं मिनिमम न भरल्याबद्दल लेट फी लागते. जुनी बाकी फेडल्यावर अजून निदान दोन स्टेटमेंट शून्य येईपर्यंत मँडेटला हात लावू नका.

रिफंडचं वेगळं. वस्तू परत केली, १२,००० कार्डावर जमा झाले, आणि वाटलं की आता बिल तेवढं कमी भरायचं. स्टेटमेंटच्या आधी रिफंड आला असेल तर बिल कमी येतं, प्रश्न नाही. नंतर आला असेल तर बऱ्याच कंपन्या त्याला पेमेंट धरत नाहीत, म्हणजे मिनिमम त्याने भरलं जात नाही, आणि ऑटो डेबिट जुन्याच आकड्याने जातं. भारतात रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ड्यू डेटच्या आधी आलेला असा रिफंड, बिल अजून भरलेलं नसेल तर, लगेच देय रकमेतून वजा करून तसं कळवावं लागतं. तरीही आलेला मेसेज नीट वाचा आणि नवीन देय रक्कम किती दिसते ते बघूनच उरलेलं भरा. वाद घातलेल्या व्यवहाराचंही तेच, तक्रार नोंदवली म्हणून ऑटो डेबिटमधून ती रक्कम आपोआप वगळली जाईलच असं नाही, ती वगळा असं वेगळं सांगावं लागतं.

सुट्टीच्या दिवशी ड्यू डेट आली तर ऑटो डेबिट बहुतेक वेळा पुढच्या कामाच्या दिवशी जातं आणि ते वेळेतच धरतात, कारण तारीख त्यांनी निवडलेली असते. आपण हाताने भरताना मात्र तीच सवलत गृहीत धरू नये. ऑटो डेबिट ड्यू डेटला गेलं नाही म्हणून घाबरून त्याच संध्याकाळी हाताने भरणारे लोक डबल पेमेंटच्या रांगेत पहिले असतात. आधी ॲपमध्ये ‘पेमेंट प्रलंबित’ वगैरे काही दिसतं का बघा. खरंच काही दिसत नसेल आणि दिवस संपत आला असेल तर मात्र निदान मिनिमम भरून टाका. मिनिमम डबल गेलं तर परवडतं. भारतात लेट फी आणि क्रेडिट ब्युरोकडे (कोण कर्ज वेळेत फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) थकबाकीची नोंद ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच करता येते, म्हणजे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तरी सावरायला वेळ असतो. दिवस मात्र ड्यू डेटपासूनच मोजतात, आणि पूर्ण बिल भरणाऱ्याचं व्याज त्या तीन दिवसांतही वाचतंच असं नाही.

चार्ज लागलाच आणि माफ करून घ्यायचा असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा. लेट फी परत, तिच्यामुळे लागलेलं व्याज आणि कर परत, आणि क्रेडिट रिपोर्टवर उशिराची नोंद गेली असेल तर ती दुरुस्त. ‘चार्ज काढा’ एवढंच म्हटलं तर फक्त फी जाते आणि पुढच्या महिन्यात व्याजाची शेपटी येते, त्यावर परत फोन. माफी मिळाल्याचा मेसेज आला तरी ती रक्कम येईपर्यंत बिलातून स्वतःच वजा करून भरू नका, कारण ऑटो डेबिट तर छापलेला आकडाच घेणार आणि हाताने भरत असाल तर तेवढी बाकी राहून वरचा १,००० वाला खेळ परत सुरू.

आणि मँडेट बदलताना. नवीन ऑटो डेबिट चालू व्हायला एक बिलिंग सायकल लागू शकते, ॲप ‘नोंदणी यशस्वी’ म्हणालं तरी. पहिलं बिल हाताने भरायचं की ते घेतील, हे स्टेटमेंटवर ऑटो डेबिटची ओळ छापून आली आहे की नाही यावरून कळतं. ओळ नसेल तर हाताने भरा. बँक खातं बदललं तर मँडेट सोबत येईलच असं धरू नका. कार्ड हरवून नवीन नंबर आला तर बहुतेक ठिकाणी मँडेट कार्डाच्या अकाउंटला जोडलेलं असल्याने चालू राहतं, तरी तीच ओळ एकदा बघून घ्या. माझं तिसऱ्या महिन्याचं स्टेटमेंट मी नंतर काढून बघितलं, त्यावर ती ओळ नव्हती.